डुकरिणीचं वेत: पिल्लं मोजा, पण वजनही करा

वास्को : नाताळ तोंडावर आला की वास्कोच्या बाजारात चोरीसच्या माळा जास्त दिसू लागतात, सोरपोतेल आणि विंदालूसाठी मांसाची मागणी वाढते, आणि ज्याच्याकडे चार-दोन डुकरं आहेत त्याला गाववाले, हॉटेलवाले विचारू लागतात. या विक्रीचा हिशेब मात्र आदल्या नाताळातच लागलेला असतो. डुकरीण ११४ दिवसांनी विते. लक्षात ठेवायला सोपं: तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवस. २७ डिसेंबरला लावलेली मादी २० एप्रिलच्या आसपास विते आणि ती पिल्लं पुढच्या २० डिसेंबरला आठ महिन्यांची होतात. नीट पोसलेल्या संकरित डुकराचं विक्रीचं वय साधारण हेच.

म्हणजे बाजार डिसेंबरचा, पण पिल्लं आईच्या अंगावर पितात ती एप्रिल-मे महिन्यांत. किनारपट्टीवरचे हे सगळ्यात जाचक दिवस. हवेत उष्मा, त्यात दमटपणा, आणि पावसाचा पत्ता नाही. डुकराला घाम जवळजवळ येतच नाही. चिखलात लोळणं हा त्याचा घाम. बंद शेडमध्ये, सिमेंटच्या फरशीवर ते सुख नाही. पिल्लांचं वजन का भरत नाही, याची बरीचशी उत्तरं या एका विसंगतीत सापडतात.

वेताचं वजन म्हणजे काय

डुकरीण व्यायली की शेजारी पहिला प्रश्न विचारतात, ‘किती झाली?’ बारा म्हटलं की वा! आणि सात म्हटलं की तोंड वाकडं. खरं तर विचारायला हवं ते असं, की सगळी मिळून किती किलो भरली आणि दूध तोडताना किती किलो उरली. एका वेतातल्या सगळ्या पिल्लांचं एकत्र वजन म्हणजे वेताचं वजन. ते दोनदा घ्यायचं, जन्माच्या दिवशी आणि दूध तोडण्याच्या दिवशी. आपल्याकडे दूध साधारण सहा ते आठ आठवड्यांनी तोडतात.

हिशेब करून बघावा. समजा एकीला १२ पिल्लं झाली, प्रत्येकी ९०० ग्रॅम. एकूण १० किलो ८०० ग्रॅम. त्यातली पाच मेली आणि सहा आठवड्यांनी सात उरली, ७ किलोंची. एकूण ४९ किलो. दुसरीला नऊच झाली, पण सव्वा किलोची. जन्माचं वजन ११ किलो २५० ग्रॅम, म्हणजे जवळपास तेवढंच. तिचं एक दगावलं, आठ उरली आणि ९ किलोंची झाली, तर ७२ किलो. गावात नाव पहिलीचं होईल, पैसे दुसरी देईल. एक किलोच्या आतलं पिल्लू जगण्याची शक्यता झपाट्याने कमी होते. ते सडापर्यंत उशिरा पोचतं, भावंडं त्याला ढकलतात, अंगात ऊब धरण्याइतकी चरबी नसते. जगलं तरी मागे राहतं आणि आठव्या महिन्यात विकायला येतच नाही, म्हणजे आणखी दीड-दोन महिन्यांचा खुराक अंगावर.

यात आईबापाच्या रक्ताचा वाटा आहेच. पण वेताच्या वजनावर जातीपेक्षा वागवण्याचा, हवामानाचा आणि खाण्याचा परिणाम मोठा असतो, आणि तो पाळणाऱ्याच्या हातातला असतो. जातिवंत यॉर्कशायर आणूनही किडकी पिल्लं काढणारे आहेत.

विण्याआधीचं

पिल्लाचं वजन पोटातच ठरतं. मादी लावल्यावर पहिला महिना नाजूक. या काळात गर्भ चिकटतात, आणि मादीला उष्णतेचा ताण बसला, दुसऱ्या डुकरांशी मारामारी झाली, टेम्पोतून हलवाहलव झाली तर काही गर्भ जिरून जातात. बाहेर काही दिसत नाही. ११४ दिवसांनी पिल्लं कमी निघतात तेव्हा दोष नराला दिला जातो.

नराचा दोष असतोही, पण वेगळ्या कारणाने. उष्म्याने नराच्या वीर्याची प्रत घसरते आणि ती सुधारायला पाच-सहा आठवडे लागतात. मे महिन्यात तापलेला नर जूनमध्ये पाऊस पडून गारवा आला तरी लगेच कामाचा होत नाही. जूनमध्ये लावलेल्या माद्या उलटतात किंवा कमी पिल्लं देतात, त्यामागे बरेचदा हे असतं.

शेवटच्या महिन्यात पोटातली पिल्लं सगळ्यात जास्त वाढतात. जन्मवजनाचा मोठा भाग याच दिवसांत भरतो. गाभण मादीला एरवी दिवसाला दोन-सव्वादोन किलो खाद्य पुरतं, पण नव्वदाव्या दिवसापासून ते अर्धा-पाऊण किलोने वाढवायला हवं. सुरुवातीलाच भरमसाट खायला घालून मादी थोराड केली तर उलटा परिणाम होतो. लठ्ठ मादी विताना अडते, नंतर खात नाही आणि पिल्लांवर बसते.

मादीचं वेत कितवं, यालाही महत्त्व आहे. पहिलटकरणीची पिल्लं कमी आणि हलकी असतात. तिसऱ्या ते पाचव्या वेतापर्यंत वजन चढतं, सातव्या-आठव्यानंतर मेलेली आणि लहानमोठी पिल्लं वाढतात. पहिल्या वेतावरून मादी विकून टाकणं ही घाई, आणि ‘लक्ष्मी आहे’ म्हणून दहाव्या वेतापर्यंत ठेवणं हा लोभ. पहिल्याच माजाला लावलेली कोवळी मादी तर स्वतःच्याच वाढीत अडकलेली असते. दुसरा-तिसरा माज, आठ-दहा महिन्यांचं वय आणि संकरित असेल तर नव्वद-शंभर किलो वजन, इतकं थांबावं.

एका खोलीत दोन हवामानं

‘गोव्यात थंडी कुठे?’ असं म्हणून व्यायलेल्या मादीच्या शेडमध्ये बल्ब न लावणारे पुष्कळ. इथेच पिल्लं जातात. पिल्लू आईच्या पोटातून साधारण ३९ अंशांतून बाहेर येतं, ओलं असतं, अंगावर केस नसल्यासारखेच. पहिल्या अर्ध्या तासात त्याच्या अंगाचं तापमान दोनेक अंशांनी उतरतं. त्याला भोवती ३२ ते ३५ अंश लागतात. डिसेंबर-जानेवारीच्या रात्री गोव्यात पारा विशीच्या आसपास येतो, पावसाळ्यात फरशी ओली असते आणि वारा आत घुसतो. माणसाला जे सुखाचं वाटतं ते त्या पिल्लाला हिवाळाच.

त्याच खोलीत त्याची आई असते आणि तिला १८ ते २२ अंश हवे असतात. पारा पंचवीसच्या वर गेला की तिचं खाणं घटायला लागतं. मुंबईपासून कारवारपर्यंतच्या किनाऱ्यावर मार्च ते मे ती सतत आपल्या सुखाच्या दहा-बारा अंश वर असते. खोली गरम ठेवली तर आई खात नाही आणि दूध आटतं. खोली गार ठेवली तर पिल्लं आकसतात. दोन्ही एकाच तापमानात बसत नाहीत, म्हणून खोलीत दोन जागा कराव्या लागतात.

पिल्लांसाठी कोपऱ्यात लाकडी खोका किंवा फळ्यांचा आडोसा, त्यात आईला शिरता येणार नाही इतकं दार, खाली कोरडं भाताचं पेंढा, वर बल्ब. बल्ब किती उंच टांगायचा हे थर्मामीटरपेक्षा पिल्लंच चांगलं सांगतात. एकमेकांवर ढीग करून पडली तर थंडी आहे, बल्बपासून लांब कडेला पसरली तर जास्त गरम, शेजारी शेजारी आडवी पडली तर बरोबर. पावसात वीज जाते तेव्हा पेंढा आणि वरून पोत्याचं झाकण एवढ्यावरही रात्र निघते.

आईसाठी उलटी तयारी. पत्र्याच्या छपराखाली दुपारी भट्टी होते. मंगळुरी कौलं परवडली तर उत्तम, नाहीतर पत्र्यावर माडाच्या झावळ्यांचा जाड थर. शेडची लांबी पूर्व-पश्चिम, भिंती कमरेइतक्याच, वर हवा खेळती. मानेवर थेंब थेंब पाणी सोडलं तर मादी निवते. मात्र एक गोष्ट घाटावरची पुस्तकं वाचून इथे करू नये. विदर्भात किंवा सोलापुरात पाण्याचा फवारा मारला की कोरड्या हवेत पाणी उडतं आणि गारवा येतो. गोव्यात हवा आधीच पाण्याने भरलेली. नुसता फवारा मारला तर शेड अधिकच दमट होतं, फरशी ओली होते आणि पिल्लांना हगवण लागते. इथे पाण्याबरोबर पंखा हवाच. निवड करायची वेळ आली तर आधी पंखा.

पहिले तीन दिवस

दूध तोडण्याआधी जी पिल्लं मरतात त्यांतली बहुतेक पहिल्या तीन दिवसांत मरतात, आणि मोठं कारण म्हणजे आईखाली चिरडणं. गारठलेलं, उपाशी पिल्लू ऊब शोधत आईला चिकटून राहतं आणि ती कूस बदलते तेव्हा सापडतं. भिंतीपासून आणि जमिनीपासून २० ते २५ सेंटिमीटरवर लोखंडी नळी किंवा मजबूत बांबूची दांडी बसवली तर पिल्लाला निसटायला जागा राहते. खर्च काही शे रुपयांचा असतो, पण तो विण्याच्या आदल्या आठवड्यात आठवत नाही.

चीक हा दुसरा मुद्दा. डुकराच्या पिल्लाला आईच्या पोटात रोगप्रतिकारशक्ती मिळत नाही. ती सगळी चिकातून येते, आणि आतड्याचं दार साधारण चोवीस तासांत बंद होतं. त्या दिवसात पिल्लाच्या पोटात दोन-अडीचशे ग्रॅम चीक जायला हवा. बारा पिल्लं असतील तर दांडग्या सहांना पोट भरल्यावर तासाभरासाठी खोक्यात कोंडावं आणि हलक्यांना निवांत पिऊ द्यावं. सड वाटून घेण्याचं भांडण दोन-तीन दिवसांत संपतं आणि मग ज्याचा सड त्याचाच. पुढच्या सडांना दूध जास्त. म्हणून हलक्या पिल्लाला पुढे लावायचं ते पहिल्याच दिवशी. दोन माद्या बरोबर व्यायल्या असतील तर एकीची जादा पिल्लं दुसरीकडे देता येतात, तीही चीक पाजून आणि दिवस-दोन दिवसांच्या आतच. माद्या एकाच आठवड्यात लावण्याचा हा फायदा.

लोहाची गोष्ट वेगळीच. पिल्लाला रोज ७ ते १० मिलिग्रॅम लोह लागतं, आईच्या दुधातून मिळतं जेमतेम एक. पूर्वी गावात मोकळी फिरणारी डुकरं तांबडी माती उकरायची आणि गरज तिथून भागायची. आता डिचोलीत लोहखनिजाच्या खाणी आणि शेजारच्याच शेडमध्ये, सिमेंटच्या फरशीवर, लोहाअभावी पांढरीफटक पडलेली पिल्लं, असा विनोद होऊ शकतो. तिसऱ्या दिवशी २०० मिलिग्रॅम लोहाचं एक इंजेक्शन पुरतं. ते पशुवैद्यकाकडून शिकून घ्यावं. मात्रा अंदाजाने वाढवू नये.

दूध आणि खरकटं

पिल्लाचं वजन एक किलो वाढायला आईचं साधारण चार किलो दूध लागतं. आठ पिल्लं रोज २०० ग्रॅमने वाढत असतील तर दिवसाला साडेसहा किलो दूध झालं. एवढं दूध देणाऱ्या मादीला पाच-सहा किलो कोरडं खाद्य आणि वीस-तीस लिटर पाणी हवं. एप्रिलच्या उष्म्यात ती जेमतेम चार किलो खाते. उरलेलं ती स्वतःच्या अंगातून काढते. दूध तोडेपर्यंत पाठीचा कणा दिसायला लागतो, माज लांबतो आणि पुढचं वेत लहान होतं. एका उन्हाळ्याचं नुकसान दोन वेतांना भोवतं.

उपाय साधा आहे, पण झोपमोड करणारा. दुपारी खायला घालायचं नाही. पहाटे पाचला एकदा, रात्री उशिरा एकदा मोठं खाणं, संध्याकाळी थोडं. पाणी सावलीतल्या टाकीतलं. उन्हात तापलेल्या पाइपमधलं पाणी मादी पीत नाही.

आता खरकट्याचं. वास्कोपासून पेडण्याच्या किनाऱ्यापर्यंत हॉटेलं आहेत आणि त्यांचं उरलेलं अन्न डुकरांकडे जातं. खारीवाड्याच्या धक्क्यावरचा मासळीचा कचराही जातो. फुकटचं खाणं सोडणं कुणाला परवडत नाही हे खरं. पण खरकट्यात तीन चतुर्थांश तर पाणीच असतं. बादलीभर खाऊन मादीचं पोट भरतं, दूध भरत नाही. एके दिवशी भात, दुसऱ्या दिवशी तेलकट ग्रेव्ही, तिसऱ्या दिवशी लग्नाची बिर्याणी, त्यात मीठ. मीठ जास्त आणि पाणी कमी झालं तर डुकराला झटके येतात आणि ते दगावतं. विक्रीच्या डुकरांना खरकटं चालेल, पण पिल्लं पाजणाऱ्या मादीला निम्म्याहून जास्त खाद्य तरी मका, कोंडा, पेंड, सुकी मासळी आणि खनिज मिश्रणाचं कोरडं द्यावं. पिल्लांना दहा दिवसांपासून क्रीप खाद्य चाखायला ठेवलं तर तिसऱ्या-चौथ्या आठवड्यानंतर आईवरचा भार हलका होतो. तोवर तिचं दूध शिखरावर जाऊन उतरायला लागलेलं असतं.

पावसाळ्यात मक्याला बुरशी लागते. बुरशी लागलेला मका डुकरिणीला इतर जनावरांपेक्षा जास्त बाधतो: खोटा माज, उलटणं, कमी पिल्लं. ‘डुकराला काय, चालतंय’ हे इथे चालत नाही. याच दिवसांत उंदरांच्या मुतातून पसरणारा लेप्टोस्पायरोसिस गाभ पाडतो आणि अशक्त पिल्लं देतो. तो माणसालाही होतो. पाऊस आत येऊ नये म्हणून चहूबाजूंनी ताडपत्री बांधली की आत अमोनिया साचतो. डोळे चुरचुरले तर ताडपत्री वरून हातभर उघडावी.

जुन्या आणि नव्या काबिजादी

गोव्यात डुक्कर पाळण्याची सवय सगळीकडे सारखी नाही. तिसवाडी, बार्देश, साष्टी आणि मुरगाव या जुन्या काबिजादींत ख्रिस्ती कुटुंबांच्या परसात डुक्कर पिढ्यानपिढ्या असायचं, शौचकूपाशी जोडलेल्या त्याच्या जागेसकट. ती पद्धत आता जवळपास गेली. पेडणे, डिचोली हे तालुके पोर्तुगिजांकडे अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात आले. तिथला जोडधंदा गाय-म्हशीचा. त्यामुळे या पट्ट्यात, आणि लगतच्या दोडामार्ग-सावंतवाडीत, नव्याने शेड घालणाऱ्याला आजीकडून शिकलेलं काही नसतं. एका अर्थी ते बरंच. गाभण म्हशीकडे जितक्या काळजीने बघतात तितक्याच काळजीने डुकरिणीकडे बघितलं तरी अर्धं काम होतं.

शिकायला जागा आहे. जुने गोवे इथली भारतीय कृषी संशोधन परिषदेची केंद्रीय किनारी कृषी संशोधन संस्था दमट हवामानातल्या वराहपालनावर काम करते. २०१४ पर्यंत ती गोवा संशोधन संकुल म्हणून ओळखली जायची. काणकोणातल्या आगोंद गावाच्या नावाने ओळखली जाणारी ‘आगोंद गोवन’ ही स्थानिक जात कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोकडे नोंदलेली आहे. लहान चणीचं हे डुक्कर यॉर्कशायरइतकं वजन देत नाही, पण इथल्या हवेत टिकतं. संकर करताना त्याचं रक्त थोडं राहिलेलं बरं. कृत्रिम रेतनामुळे दोन माद्यांसाठी नर पोसण्याची गरज राहत नाही. मात्र डुकराचं वीर्य १५ ते १८ अंशांवर ठेवायचं असतं. ते घरच्या फ्रिजमध्ये ठेवलं की मेलं.

सीमेवरची भीती

हे सगळं जमवून आणल्यावरही एका दिवसात शेड रिकामं करणारा रोग म्हणजे आफ्रिकन स्वाइन फीवर. भारतात तो २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचलात पहिल्यांदा दिसला, २०२२ मध्ये केरळात वायनाडपर्यंत आला. माणसाला तो होत नाही, पण डुकराला झाला तर उपचार नाही. तो जिवंत डुकरातून येतो तसा कच्च्या मांसातून आणि खरकट्यातूनही येतो. म्हणून खरकटं ढवळत ढवळत ९० अंशांवर किमान तासभर उकळावं, असा जागतिक पशु आरोग्य संघटनेचा दंडक आहे. पत्रादेवी, दोडामार्ग, चोर्ला, अनमोड अशा कुठल्याही वाटेने आणलेलं नवं डुक्कर महिनाभर वेगळं ठेवावं, त्याचं भांडं आणि त्याच्याकडे जाणाऱ्याची चप्पलही वेगळी. साध्या स्वाइन फीवरची लस मिळते आणि ती चुकवू नये. ती आफ्रिकन फीवरला उपयोगी नाही, हे दोन नावांच्या गोंधळात पुष्कळांना ठाऊक नसतं.

२०१९ च्या पशुगणनेत देशातली डुकरं ९० लाख ६० हजारांवर आली होती, २०१२ पेक्षा सुमारे १२ टक्क्यांनी कमी. रोगाचा फटका बसला तो त्यानंतर. चांगलं पिल्लू मिळणं अवघड झालं आहे. अशा वेळी पिल्लू नगावर विकत घेणारा आणि विकणारा, दोघेही अंधारात व्यवहार करतात.

वजन करायला मोठं यंत्र लागत नाही. टांगायचा स्प्रिंगचा काटा आणि एक स्वच्छ पोतं पुरे. चीक पिऊन झाल्यावर, पहिल्या चोवीस तासांत, पिल्लं चार-चार करून पोत्यात घालून तोलावीत आणि पोत्याचं वजन वजा करावं. वहीत मादीचा क्रमांक, कितवं वेत, लावल्याची तारीख, व्यायल्याची तारीख, जिवंत किती, मेलेली किती, एकूण किलो. मग २१ व्या दिवशी आणि दूध तोडताना पुन्हा किलो. २१ व्या दिवसाचा आकडा जवळजवळ निव्वळ आईच्या दुधाचा असतो. तो कमी भरला तर मादीचं खाणं, पाणी किंवा उष्मा यांतलं काहीतरी बिघडलेलं आहे. २१ व्या दिवसाचं ठीक आणि दूध तोडतानाचं कमी, तर क्रीप खाद्यात किंवा जंतांच्या औषधात चूक आहे. जन्माचंच कमी, तर शेवटच्या महिन्यातल्या खुराकाकडे आणि ती मादी कुठल्या महिन्यात लावली होती त्या रकान्याकडे बघावं.